गाणं ऐकायला मिळतं, पण ते आपलं असतं का?

आजचा विषय आपल्यापैकीच काही श्रोत्यांनी सुचवलेला आहे. प्रश्न असा, की महिन्याची वर्गणी भरून मोबाइलवर हवं ते गाणं ऐकावं, की सीडी, तबकड्या, फायली विकत घेऊन आपल्यापाशी ठेवाव्यात? दोन्हींत शहाणपणाचं काय? प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. पण तो तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना विचारलात, तेव्हा उत्तर थोडं लांबणार हे तुम्ही धरूनच चालला असाल. काळजी नसावी. आम्ही व्यवहारापर्यंत येऊ, आकडेही देऊ.

ही चर्चा बहुतेक वेळा ‘स्वस्त काय पडतं’ इथून सुरू होते. आमचं म्हणणं, तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की ‘माझ्याकडे हे गाणं आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याकडे नेमकं काय असतं?

आपल्या शास्त्रांत मालकीला ‘स्वत्व’ असा शब्द आहे. मराठीत तो पुढे स्वाभिमानाच्या अर्थानं रुळला, पण मूळ अर्थ सरळ आहे: एखादी वस्तू आपली असणं. जुन्या विद्वानांनी त्याची एक व्याख्या केली होती, ‘यथेष्टविनियोगयोग्यत्व’. म्हणजे वस्तू मनाला येईल तशी वापरता येणं. ऐकायला ठीक वाटतं. पण सोळाव्या शतकाच्या सुमारास नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीनं तिला हरकत घेतली. तो विचारतो, वापरणं म्हणजे काय? समजा, खाणं. तर मग दुसऱ्याचं अन्नही खाता येतंच की! तुम्ही म्हणाल, खाता येतं, पण परक्याचं घेऊ नये असं शास्त्र सांगतं. ठीक. पण ‘परक्याचं’ कशाला म्हणायचं हे कळायला मालकी काय ते आधी ठाऊक पाहिजे. म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. म्हणून रघुनाथानं स्वत्व हा एक स्वतंत्रच पदार्थ मानला.

त्याचा शास्त्रार्थ आज बाजूला ठेवू. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वापरता येणं आणि मालकीचं असणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणीच्या सेवांनी वापर इतका सोपा केला आहे, की हा फरक डोळ्यांआड झाला.

आपण चार कसोट्या लावून बघू. एक, ऐकता येतं का? दोन, कुणाची परवानगी न घेता ठेवता येतं का? तीन, दुसऱ्याला देता किंवा विकता येतं का? चार, आपल्यामागे घरच्यांना ठेवता येतं का? तबकडी किंवा सीडी या चारही कसोट्यांना उतरते. वर्गणीचं संगीत पहिल्या कसोटीला फार उत्तम उतरतं, आणि पुढच्या तिन्हींना उतरत नाही.

आता कुणी म्हणेल, संगीत ही ठेवण्याची वस्तू कधी होती? बरोबर आहे. मानवी इतिहासात बहुतांश काळ ती वस्तू नव्हतीच. गवई गायचा, बैठक संपायची, आणि उरायचं ते ऐकणाऱ्याच्या कानात. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याबद्दल इतकं लिहिलं गेलं, पण त्यांचा आवाज मुद्रित झालेला नाही. त्यांचं गाणं शिष्यांमधून आपल्यापर्यंत आलं, आवाज नाही आला.

गाणं वस्तू झालं ते ध्वनिमुद्रणामुळे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. आपल्याकडे नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्गनं कलकत्त्यात गोहरजानचं गाणं मुद्रित केलं. १९०८ मध्ये कलकत्त्यातच तबकड्यांचा कारखाना निघाला. त्या तबकड्या लाखेच्या, पडल्या की फुटायच्या, आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासाचा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे गवयाची परीक्षाच. पण त्या तबकडीनं पहिल्यांदा असं केलं, की गवयाला कधी न पाहिलेला माणूस त्याचं गाणं बाजारातून घरी आणू शकला, शेजाऱ्याला उसनं देऊ शकला आणि जुन्या बाजारात विकूही शकला.

एल.पी. आली, कॅसेट आली, सीडी आली; व्यवहार तोच राहिला. पैसे दिले, वस्तू घरी आली, दुकानदाराचा आणि आपला संबंध संपला. हा ‘संबंध संपला’ भाग महत्त्वाचा आहे. उद्या दुकान बंद पडलं म्हणून आपली सीडी वाजायची थांबत नाही.

यात बदल झाला तो फायलींच्या काळात. २००३ साली ॲपलनं आयट्यून्सचं दुकान उघडलं, ९९ सेंटला एक गाणं. बटणावर शब्द होता ‘विकत घ्या’. पण त्या फायलींना त्या वेळी कुलूप होतं. ठरावीक यंत्रांवरच त्या वाजत. ॲपलनं २००९ मध्ये गाण्यांवरचं ते कुलूप काढलं. तोवर दुसरीकडे काय घडलं ते पाहा. मायक्रोसॉफ्टचं एमएसएन म्युझिक नावाचं दुकान होतं. २००८ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की गाण्यांची कुलपं उघडणारी व्यवस्था आता बंद होईल. म्हणजे नवा संगणक घेतला की तुम्ही पैसे मोजून घेतलेली गाणी त्यावर वाजणार नाहीत. ओरड झाली, तेव्हा मुदत वाढवली गेली. मुदत वाढली, पण स्थिती सगळ्यांच्या लक्षात आली. लोकांनी विकत घेतलं असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात त्यांना परवाना मिळाला होता.

परवाना म्हणजे काय, हे पुण्यामुंबईत भाड्यानं राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार आपण सह्या करून ठेवतो. त्यातलं लायसन्स म्हणजे हाच परवाना. दुसऱ्याच्या मालमत्तेत राहण्याची परवानगी. घर झाडा, पुसा, तोरण बांधा, पण त्या घरात तुमचा हक्क निर्माण होत नाही. आपल्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात परवान्याची कल्पना अशीच मांडलेली आहे. कुलपातल्या फायली विकत घेणारा माणूस स्वतःला घरमालक समजत होता आणि होता लायसन्सी.

हा खेळ शब्दांचा आहे, असं कायद्यालाही वाटू लागलंय. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०२४ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर तसं स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ हा शब्द वापरता येणार नाही. आणि फाइल पुन्हा विकता येते का? रीडिजी नावाच्या कंपनीनं वापरलेल्या फायलींचा जुना बाजार काढला होता. २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं सांगितलं, की हे चालणार नाही. कारण फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते तेव्हा खरं म्हणजे तिची नवी प्रत तयार होते. तबकडी हातातून हातात जाते, तसं फायलीचं नाही.

आता वर्गणीकडे येऊ. तिची बाजू आम्ही मनापासून मांडणार आहोत, कारण ती भक्कम आहे.

स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं तेव्हा एका माणसाची वर्गणी महिना ११९ रुपये होती. आमच्या तरुणपणी एखादी एल.पी. घ्यायची तर महिनाभर विचार करावा लागे. आज सातारा-सांगलीकडच्या एखाद्या गावातली मुलगी संध्याकाळी एका बैठकीत किशोरीताईंचा भूप, बाख आणि मालीचं संगीत ऐकू शकते. हे लहान काम नाही. संगीताच्या बाबतीत एवढी लोकशाही आधी कधीच नव्हती. शिवाय चुकीचं निवडलं म्हणून पैसे वाया जात नाहीत, त्यामुळे माणूस नवं ऐकायचं धाडस करतो. जो म्हणतो वर्गणी म्हणजे निव्वळ लूट, त्यानं हे विसरू नये.

पण त्या भांडारातलं कुठलं गाणं उद्या तिथे असेल, हे ठरवणाऱ्यांत आपण नसतो. स्पॉटिफाय भारतात सुरू झालं तेव्हा वॉर्नर या मोठ्या कंपनीशी वाद चालू होता, म्हणून तिची गाणी इथे नव्हती. तो वाद २०२० च्या जानेवारीत मिटला. सारेगम म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. तिच्याशीही करार नव्हता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०१९ मध्ये स्पॉटिफायनं तिची गाणी काढायचं मान्य केलं. करार झाला २०२० मध्ये. मार्च २०२४ मध्ये झी म्युझिकशी बोलणी फिसकटली आणि अनेक लोकप्रिय हिंदी गाणी एका दिवसात दिसेनाशी झाली. सेवाच बंद पडण्याची उदाहरणंही आहेत. रेसो ही सेवा ३१ जानेवारी २०२४ ला भारतात थांबली. त्याच वर्षी एअरटेलनं विंक बंद करण्याचा निर्णय घेतला.

यात कुणी दुष्ट आहे असं आम्ही म्हणत नाही. दोन व्यापारी भांडतात, कधी दुकान चालत नाही, ते बंद होतं. मुद्दा एवढाच, की त्या भांडणात वर्गणीदार हा पक्षकारच नसतो. ‘पण आम्ही गाणी डाउनलोड करून ठेवतो’ असं काही जण सांगतात. ती फाइल तुमच्या फोनमध्ये असली तरी कुलपात असते. स्पॉटिफायमध्ये तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं, नाहीतर ती वाजत नाही. वर्गणी थांबली की संपलं. आमच्याच घरी एका सेवेवर नाट्यसंगीताची यादी केलेली आहे. त्यातली काही नावं आता करडी दिसतात. बोट ठेवलं तर काही होत नाही. का गेली, परत येणार का, हे विचारायला समोर कुणी नाही.

आता पैशांचं. २०१९ च्या दरानं, महिना ११९ म्हणजे वर्षाला १,४२८ आणि दहा वर्षांना १४,२८० रुपये, दर वाढला नाही असं धरून. जो सतत नवं ऐकतो त्याला हा सौदा फायद्याचा. जो वर्षानुवर्षं त्याच शंभर-दीडशे ध्वनिमुद्रिका ऐकतो, आणि आमच्या वयाचे पुष्कळ लोक तेच करतात, त्यानं गणित एकदा मांडून बघावं. दहा वर्षांनी त्याच्या हातात काय उरतं, हेही त्या गणितात धरावं.

पण पैसा फक्त आपला जात नाही, तो कलावंताकडे कसा जातो हेही पाहिलं पाहिजे. तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या गवयाकडे थेट जाते, असं पुष्कळांना वाटतं. प्रचलित पद्धत तशी नाही. सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात पडते, आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढा हिस्सा त्याच्या हक्कदारांना. तुम्ही महिनाभर फक्त एकाच धृपदियाला ऐकलंत, तरी तुमच्या पैशांतला मोठा भाग सगळा देश जे ऐकतो तिकडे जातो. शिवाय मोजणी कशी? गाणं तीस सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. अडीच मिनिटांचं सिनेमातलं गाणं एक, आणि चाळीस मिनिटांचा विलंबित ख्याल, तोही एकच. २०२४ पासून स्पॉटिफायनं असंही ठरवलं, की बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या ध्वनिमुद्रणाला त्या हंड्यातून काही नाही. ज्या संगीताचा श्रोता थोडा आहे पण तासन्‌तास बसून ऐकणारा आहे, त्याला हा हिशोब कसा मानवणार? तबकडीनं ख्याल तीन मिनिटांत आणला होता. ही मोजणीही गाणं आखूड करण्याकडेच ढकलते.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, मास्तर मालकीच्या बाजूनं निकाल देणार. थांबा. मालकीची दुसरी बाजूही आहे.

मालकी म्हणजे जबाबदारी. कॅसेटला बुरशी येते, फीत ताणली जाते, चिकटते. घरी कोरलेल्या सीडी काही वर्षांत वाचता येईनाशा होतात. हार्ड डिस्क एक दिवस काही न सांगता बंद पडते. कपाटात चारशे कॅसेट आहेत पण वाजवायला यंत्र नाही, अशी घरं तुम्ही पाहिली असतील. चार कसोट्यांवर हा माणूस मालक आहे खरा, पण पहिलीच कसोटी, ऐकता येणं, ती गेली! म्हणजे नुसत्या हक्कानंही भागत नाही.

मग कुणी म्हणेल, सांभाळायचं काम कंपन्यांवर सोडा, त्यांच्याकडे साधनं आहेत. अनुभव काय सांगतो? १ जून २००८ ला हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली आणि त्यात मूळ ध्वनिफिती जळाल्या. हे लोकांना नीट कळलं अकरा वर्षांनी, २०१९ मध्ये. नेमक्या किती जळाल्या यावर अजून वाद आहे. त्याच २०१९ मध्ये मायस्पेसनं सांगितलं, की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नष्ट झालं. उलट आपल्याकडची जुनी तबकडी कुणी राखली? बऱ्याच अंशी हौशी माणसांनी. चोरबाजारात उन्हात बसून एकेक तबकडी उलटीपालटी करणाऱ्यांनी. मुंबईत १९९० मध्ये अशाच मंडळींनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. जुन्या गायक-गायिकांचं आज जे ऐकायला मिळतं, त्यातलं कितीतरी कुणाच्या तरी माळ्यावर टिकलं म्हणून मिळतं. हजार घरांत हजार प्रती असल्या, की एक आग सगळं नेऊ शकत नाही. मालकीचा हा सामाजिक उपयोग आहे, आणि तो आपण सगळे वर्गणीदार झालो तर संपेल.

आपल्याकडे ‘योगक्षेम’ असा जोडशब्द आहे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली तो तुम्ही वाचलेला असतो. भाष्यकार त्याची फोड करतात: योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे मिळालं त्याचं रक्षण. आजच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला या फोडीत दिसतं. वर्गणी ही योगाची उत्तम व्यवस्था आहे. क्षेमाची ती व्यवस्थाच नाही, आणि तसं वचनही ती देत नाही. आपली गफलत होते ती एकीकडून दुसरीची अपेक्षा धरण्यात. वाचनालयाचे वर्गणीदार होऊन शंभर पुस्तकं वाचावीत, पण जी ज्ञानेश्वरी रोज उघडायची ती घरात असावी, ही रीत आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होती. तीच इथे लावायची.

तर व्यवहार. वर्गणी जरूर ठेवा, शोधण्यासाठी, भटकण्यासाठी. वर्षातून एकदा मात्र बसा आणि स्वतःला विचारा: यातलं कुठलं गाणं उद्या नाहीसं झालं तर मला खरोखर हळहळ वाटेल? यादी छोटी निघेल, पन्नास-साठ ध्वनिमुद्रणांची. तेवढं विकत घ्या. सीडी मिळाली तर सीडी. फाइल घेत असाल तर कुलूप नसलेली घ्या. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी ती मिळते आणि पैशांचा मोठा भाग कलावंताला जातो. एखादा गायक कार्यक्रमानंतर स्वतःची सीडी विकत असेल, तर ती घ्याच.

घरच्या सीडीची स्वतःच्या ऐकण्यापुरती प्रत संगणकावर करून ठेवा. आपल्या प्रताधिकार कायद्याच्या ५२व्या कलमात खासगी उपयोगासाठी रास्त वापराची मुभा आहे. प्रत फ्लॅक प्रकारात केलीत तर आवाजातलं काही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते, मिनिटाला पाच-सहा एमबी. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर साडेतीनशे तासांच्या आसपास संगीत बसेल. पण प्रत एकच नको. दोन ठेवा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे, मुलीकडे. आणि प्रत्येक फायलीला नाव द्या: कोण गातंय, कुठला राग, साथीला कोण, साल कोणतं. बेनाव गाणं वीस वर्षांनी कुणाच्या कामाचं राहत नाही.

शेवटी एक प्रश्न आलाय, तो घेऊ. एक भगिनी विचारतात, “सर, आमच्या मुलांना या सीडी-कॅसेट नकोच आहेत. मग जपून तरी काय करायचं?”

ताई, हा प्रश्न घरोघरचा आहे. मुलांना नको असेल तर रागावू नये. त्यांचे कान वेगळे आहेत. पण आपल्या हयातीतच ज्याला हवं आहे अशा माणसाला ते द्यावं. गाणं शिकणारा एखादा मुलगा, एखादं संगीत विद्यालय, एखादा संग्राहक. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणून जुन्या तबकड्या तर अभ्यासकांना फारच हव्या असतात. गाण्याचे आणि चालीचे हक्क वेगळे, ते तपासावे लागतात. आणि तुमच्याकडे ते मालकीचं आहे, म्हणूनच कुणाला द्यायचं हा प्रश्न तुम्हाला पडला. वर्गणीदाराला तो पडतच नाही, कारण त्याच्यापाशी द्यायला काही नसतं. आयफोनवर आपल्यामागे खातं पाहण्यासाठी वारसदार नेमता येतो, पण त्या वारसालाही विकत घेतलेली गाणी आणि पुस्तकं मिळत नाहीत. तेव्हा ताई, यादी करायला घ्या. एका रविवारी एक कप्पा. देण्याजोगं काय आहे ते त्यातून कळेल, आणि करता करता पुष्कळ ऐकूनही होईल.

वेळ झाली. इथे थांबतो आम्ही.